आयरिश पबातलं सेशन: कुठे बसावं, काय मागावं, कधी गप्प राहावं

प्रश्न असा आला आहे: पुण्याचं एक कुटुंब ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात चार दिवस डब्लिनला येतंय. नवरा-बायको, दहा वर्षांची मुलगी आणि सत्तरीच्या आई. टुरिस्टांनी ओसंडणारा पब नको, वस्तीतला जुना पब हवा आणि तिथे खरं आयरिश संगीत ऐकायचंय. पिणारे एकटे प्रश्नकर्तेच, तेही एखादा ग्लास. शेवटी कंसात हळूच विचारलंय, ‘आई माळकरी आहे, तिला पबात नेलेलं बरं दिसेल का?’

कंसातल्यापासूनच सुरुवात करते. खुशाल न्या. मी मूळची मिरजेची, पेशाने नर्स, २००६ पासून डब्लिनमध्ये आहे आणि गेली पंधरा वर्षं रविवारची ड्युटी नसली की घरामागच्या पबात फिडल वाजवते. (फिडल म्हणजे व्हायोलिनच. वाद्य तेच, रीत वेगळी.) आमच्या कोपऱ्याजवळ नेमाने येणाऱ्या दोन आज्या आहेत, त्या चहा पितात, स्वेटर विणतात आणि एखाद्याची चाल चुकली तर सुईवरून नजर उचलून बघतात. वस्तीतला पब म्हणजे आपल्याकडचा काळ्या काचांचा बार नव्हे. आत गेलेला माणूस रस्त्यावरून दिसू नये अशी सोय इथे कुणाला लागत नाही. बारशानंतर लोक पबात जातात, मयताहून परतल्यावर पबातच टेकतात. शिवाय २९ मार्च २००४ पासून आत सिगारेट ओढायला बंदी आहे. सगळ्या देशात असा नियम लावणारा आयर्लंड जगातला पहिला. त्यामुळे आईंना धुराचा त्रास नाही. वास येईल तो बिअरचा, ओल्या कोटांचा आणि जुन्या लाकडाचा.

खरी अडचण आईंची नाही, मुलीची आहे. मूल आईबापांबरोबर असेल तर रात्री नऊपर्यंतच पबात थांबू शकतं. मे ते सप्टेंबर दहापर्यंत सवलत असते, पण तुम्ही ऑक्टोबरात येताय. आणि रात्रीची कित्येक सेशनं, म्हणजे वाजवणाऱ्यांच्या बैठकी, नऊ-साडेनऊलाच सुरू होतात. म्हणजे फिडल जुळवून होतात तोवर बारमन नम्रपणे तुमच्या टेबलाशी येऊन उभा. तेव्हा शनिवार-रविवारची दुपार धरा. दुपारचं सेशन मला तसंही जास्त आवडतं. गर्दी कमी, वाजवणारे ताजे आणि ऐकणाऱ्यांच्या पोटात फार गेलेलं नसतं.

आता ‘सेशन’ म्हणजे काय ते नीट सांगते, कारण नव्वद टक्के गैरसमज तिथेच होतो. तो कार्यक्रम नाही. स्टेज नाही, माइक नाही, तिकीट नाही. कोपऱ्यातल्या एका टेबलाभोवती सहा-आठ जण एकमेकांकडे तोंड करून बसतात. तुमच्याकडे त्यांची पाठ असू शकते आणि त्यात उद्धटपणा नसतो. तुमच्या आईंना सांगायचं तर गावच्या देवळातलं भजनी मंडळ डोळ्यांपुढे आणायला सांगा. गुरुवारी रात्री मंडळी जमतात, पखवाज जुळतो, ज्याला अभंग येतो तो उचलतो, बाकीचे टाळ घेऊन सामील होतात. पारावर कुणी ऐकत बसलं तर आनंद, नाही बसलं तरी भजन व्हायचं ते होतं. सेशन तसंच आहे. पबमालक बहुधा दोघा-तिघांना थोडी बिदागी देतो, म्हणजे कोणी नाही आलं तरी डाव मांडला जाईल. बाकीचे सगळे हौसेने येतात. मीही.

गंमत म्हणजे ‘पबातलं संगीत’ लोकांना वाटतं तितकं जुनं नाही. चाली दोन-तीनशे वर्षांच्या आहेत, पण त्या वाजायच्या घराघरांतल्या स्वयंपाकघरात आणि उन्हाळ्यात चौरस्त्यावर, नाचासाठी. १९३५ मध्ये सार्वजनिक नाचगाण्याला परवाना सक्तीचा करणारा कायदा आला, पाद्र्यांचाही रेटा होता, आणि घरगुती नाच आटले. दुसऱ्या महायुद्धानंतर हजारो आयरिश तरुण लंडनला बांधकामावर गेले. भाड्याच्या खोलीत वाजवलं तर घरमालकीण हाकलायची, म्हणून ते पबात जमू लागले. तिथून ही रीत साठच्या दशकात मायदेशी परत आली. कोकणातून गिरणगावात गेलेल्या चाकरमान्यांनी चाळीच्या खोल्यांत भजनी मंडळं काढली, त्याची मला नेहमी आठवण होते.

कुठे जावं? वस्तीची कळा आणि संगीत दोन्ही हवं असेल तर स्मिथफील्डमधलं कॉबलस्टोन. लुआस ट्रामच्या लाल लाइनवर स्मिथफील्डला उतरायचं, चौकाच्या वरच्या टोकाला चालत जायचं. ‘संगीताचं व्यसन जडलेला पिण्याचा पब’ अशी ते स्वतःची ओळख करून देतात. दारातून आत शिरलं की खिडकीजवळच वाजवणाऱ्यांची जागा. रोज सेशन असतं, शनिवार-रविवारी दुपारपासून. वेळा बदलतात, त्यामुळे निघण्यापूर्वी एक फोन करा. २०२१ मध्ये या जागेवर नऊ मजली हॉटेल उभं करायचा बेत आला होता. पुढचा बार राहणार होता, पण मागची खोली, जिथे मैफली आणि शिकवण्या होतात, ती जाणार होती. लोक वाद्यं घेऊन रस्त्यावर उतरले आणि त्या नोव्हेंबरात महापालिकेने परवानगी नाकारली. तेव्हापासून तिथे टुरिस्टही वाढलेत, हे कबूल करायला हवं. तरी कोपऱ्यातलं टेबल अजून वाजवणाऱ्यांचंच आहे.

मेरियन रोवरचं ओडोनह्यूज दुसरं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘द डब्लिनर्स’ हा लोकसंगीताचा गट तिथूनच निघाला. भिंतीवर फोटो, जागा चिंचोळी, रात्री पाय ठेवायला जागा नाही. दुपारी उशिरा ठीक.

टेंपल बार या टुरिस्टांच्या पबवस्तीला नावं ठेवायची फॅशन आहे, मी ठेवणार नाही. तिथले वादक चांगले असतात, त्यावर त्यांचं घर चालतं आणि त्यातले काही जण सुट्टीच्या दिवशी आमच्याबरोबर फुकट वाजवतात. पण तिथे तुम्ही गिऱ्हाईक आणि ते कलाकार: गिटार, माइक, सगळ्यांनी मिळून म्हणायची गाणी. पाइंटला, म्हणजे बिअरच्या मोठ्या ग्लासाला, वस्तीतल्या पबापेक्षा दोन-तीन युरो जास्त मोजावे लागतात. मुलीला अर्धा तास मजा वाटेल. एक चक्कर मारा आणि बाहेर पडा.

आणि अस्सल पबात संगीत असतंच असंही नाही. ग्लासनेविनच्या दफनभूमीच्या भिंतीला लागून १८३३ चा जॉन कॅव्हानाचा पब आहे, सगळे त्याला ‘ग्रेव्हडिगर्स’ म्हणतात. तिथे टीव्ही नाही, गाणं नाही. मुद्दाम नाही. नुसत्या गप्पा. कधी वेळ मिळाला तर तो आवाजही ऐका, माणसांच्या बोलण्याचा.

आता बसण्याचं. माझी पहिली फजिती सांगते. नवीन असताना एका पबात गेले, भिंतीशी एक स्टूल रिकामं, त्यावर कुणाचा तरी कोट. कोट उचलून शेजारी ठेवला आणि बसले. कुणी काही बोललं नाही. दहा मिनिटांनी एक गृहस्थ लांबट पेटी घेऊन आले, माझ्याकडे बघून हसले आणि तासभर उभे राहिले. ते पाइपवाले होते, त्यांची जागा मी घेतली होती आणि पाइप उभ्याने वाजतच नाहीत. हे मला घरी गेल्यावर कळलं. तेव्हा कोपऱ्यातल्या टेबलाजवळची रिकामी खुर्ची, त्यावर पेटी असो, कोट असो वा नुसता अर्धा ग्लास असो, तुमची नाही. एक टेबल सोडून, बाजूने बसा. समोर बसलात तर फक्त पाठी दिसतील. बाजूने बोटं दिसतात.

ते ‘इलन’ पाइप मात्र बघाच. स्कॉटिश बॅगपाइपसारखे तोंडाने फुंकायचे नाहीत. उजव्या कोपराखाली भाता, डाव्या कोपराखाली हवेची पिशवी, मांडीवर टेकवलेली सुरावटीची नळी आणि आडव्या नळ्यांतून सतत लागलेला सूर. ‘इलन’ हा आयरिश शब्द कोपरावरूनच आला. २०१७ मध्ये युनेस्कोने या वादनकलेला मानवी वारशाच्या यादीत घेतलं. मिरजेत तंबोऱ्यांच्या दुकानांसमोर वाढलेल्या मला तो मागचा अखंड सूर पहिल्यांदा ऐकला तेव्हा एकदम माहेरी आल्यासारखं झालं होतं.

बाकी वाद्यं ओळखायला सोपी: फिडल, लाकडी बासरी, पत्र्याची शिट्टी, कॉन्सर्टिना नावाची षट्कोनी छोटी पेटी, बटणांचा अकॉर्डियन, चार तारांचा बँजो. बौरान म्हणजे बकऱ्याच्या चामड्याचा डफ, आखूड काडीने वाजवतात. एका सेशनला एक पुरतो. दुसरा आला की फिडलवाल्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

ऐकायचं कसं? पहिल्या दहा मिनिटांत सगळं सारखंच वाटेल, वाटू द्या. मग ठेका मोजा. सहा मात्रा, तीन-तीनच्या, आपल्या दादऱ्यासारख्या चालल्या तर तो जिग. धावता केहरवा वाटला तर रील. नऊ मात्रा, तीन-तीन-तीन, आल्या तर स्लिप जिग, आणि तो आला की मी हातातला चहा ठेवून देते. चालीचे बहुधा दोन भाग: पहिला दोनदा, दुसरा दोनदा, म्हणजे धृवपद आणि अंतरा समजा. अशी पूर्ण चाल तीनदा वाजते, मग न थांबता दुसरी, मग तिसरी. बदलायच्या आधी म्होरक्या मान हलवतो, पाय उचलतो किंवा ‘हप’ म्हणतो. तुमच्या मुलीला हा खेळ लावून द्या: बदल कधी येणार ते ओळखायचं. माझा मुलगा असाच शिकला.

सगळे एकच चाल वाजवतात, पाश्चात्त्य वाद्यवृंदासारखे वेगवेगळे सूर नाहीत. फरक असतो तो ज्याच्या-त्याच्या मुरक्यांत. आणि कान तयार असेल तर ओळखीच्या वाटाही सापडतात: कित्येक चालींत कोमल गंधार-निषाद एकत्र येऊन सरळ काफी थाट होतो, कित्येकांत फक्त निषाद कोमल, म्हणजे खमाज. पण मींड नाही. मी मांडी घालून, व्हायोलिनचं टोक घोट्यावर टेकवून शिकलेली. इथे खुर्चीवर बसून ते हनुवटीखाली धरायला सहा महिने गेले आणि दोन सुरांमधलं घसरणं सोडायला दोन वर्षं. एका जुन्या वादकाने मला सांगितलं होतं की तुझं छान आहे, पण पायाला नाचायला जागा ठेव. मुळात हे नाचाचं संगीत, मींड घेतली की पाय अडखळतो.

टाळ्या चाल संपल्यावर, त्याही माफक. मध्येच ठेका धरून टाळ्या नकोत. तुमचा ठेका हमखास पुढे पळतो आणि वाजवणाऱ्यांना ओढत नेतो. फर्माईश करू नका. मोबाइलवर अर्धा मिनिट घेतलंत तर कुणी काही म्हणणार नाही, पण कुणाच्या तोंडासमोर धरून पूर्ण चाल रेकॉर्ड करायची असेल तर आधी विचारा. हळू गप्पा चालतात. आम्हीही दोन चालींच्या मध्ये कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेच बोलत असतो.

मात्र कुणी गायला लागलं की सगळं थांबतं. बारमनसुद्धा ग्लास धुवायचा थांबतो. कोपऱ्यातून कुणीतरी ‘क्यूनस’ म्हणेल, म्हणजे शांतता. गाणं साथीशिवाय असतं, बरेचदा डोळे मिटून, आणि जुन्या पद्धतीचे काही गायक शेवटचे शब्द गात नाहीत, नुसते बोलतात. आपण स्वप्नातून जागे व्हावं तसं वाटतं. अशा वेळी मुलीला वेफर्सची पिशवी उघडू देऊ नका.

काय मागावं यावर फार लिहिण्यासारखं नाही, पण शिष्टाचार महत्त्वाचा. टेबलावर बसून वाट बघू नका, काउंटरवर जा. तिथे रांग दिसत नाही, रांग बारमनच्या डोक्यात असते. कोण कधी आलं हे त्याला बरोबर ठाऊक असतं. चुटकी वाजवणं, शुक-शुक करणं, नोट हलवणं यापैकी काही केलंत की तुमचा नंबर आपोआप मागे जातो. गिनेस मागवलीत तर ग्लास पाऊण भरून तो बाजूला ठेवला जाईल. बिघडलेलं नाही, बसू देतात. फेस वर आला, खाली काळं झालं, मग वरचा भाग भरतात. कंपनी याला मोजून ११९.५ सेकंद सांगते. तेवढ्यात ग्लासाला हात लावू नका. पूर्वी ही बिअर माशाच्या फुग्यापासून केलेल्या पदार्थाने निवळायचे, काही वर्षांपूर्वी ते बंद केलं, तेव्हा शाकाहारी माणसानेही हरकत नाही. बिनदारूची गिनेसही आता जवळजवळ सगळीकडे मिळते आणि दिसायला तशीच असते.

आईंसाठी चहा. संकोच न करता मागा, किटलीत येतो, दूध वेगळं. दुपारी कुणी नाही म्हणत नाही, रात्रीच्या गर्दीत मात्र नाही मिळायचा. मुलीला क्लब ऑरेंज, संत्र्याचं फसफसतं पेय. खाण्याची भिस्त पबावर ठेवू नका, असल्या पबांत अनेकदा जेवणच नसतं. मिळालं तर टोस्ट केलेलं सँडविच, आणि त्यात न विचारता हॅम येतो, म्हणून ‘फक्त चीज’ असं आधीच बजावा. सूप ‘व्हेजिटेबल’ असलं तरी पाणी कोंबडीचं असू शकतं. माळकरी माणसाला मी ते देणार नाही. टेटोचे चीज-कांद्याचे वेफर्स मात्र निर्धोक वाटून उचलाल, तेही पाकिटावरचं वाचून. हा स्वाद १९५४ मध्ये याच डब्लिनच्या कंपनीने काढला, याचा इथल्या लोकांना भारी अभिमान.

सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे ‘राउंड’. आपल्या पोरांचं टीटीएमएम इथे चालत नाही. शेजारच्या टेबलावरचे आजोबा गप्पांत तुम्हाला ‘काय घेणार?’ विचारतील. हो म्हणालात की तुम्ही फेरीत शिरलात, पुढची फेरी तुमची. त्यांनी तीन पाइंट घेईपर्यंत सुटका नाही. प्यायचं नसेल तर पहिल्याच वेळी सांगा, ‘आज मी एवढ्यावरच आहे.’ दुसऱ्या फेरीनंतर सांगणं म्हणजे पंगतीत वाढायची वेळ आली की हात धुवायला उठणं. वाजवणाऱ्यांना काही द्यावंसं वाटलं तर पैसे टेबलावर ठेवू नका, बारमनला सांगा, ‘त्या कोपऱ्याला एक फेरी माझ्याकडून.’ सगळ्या कोपऱ्याला झेपणार नसेल तर दोघांना. तो ओळखून देतो.

आजोबा तुम्हाला कुठले विचारतील. इंडिया म्हटलंत की लिओ वराडकरांचं नाव निघणारच. २०१७ मध्ये ते इथे पंतप्रधान झाले तेव्हापासून मला हा प्रश्न शेकडो वेळा आलाय. त्यांच्या वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड, एवढं माहीत असू द्या, अर्धा तास गप्पांची सोय होते.

आणखी एक तयारी करून ठेवा. पाहुणे दूरचे दिसले तर एखाद वेळी ‘तुमच्याकडचं एखादं गाणं?’ अशी विचारणा होते. गाणाऱ्याने पुढच्याचं नाव घ्यायचं अशीही रीत आहे. नाही म्हटलं तर कुणी आग्रह धरत नाही. माझी आई आली होती त्या वर्षी तिला विचारलं. मला वाटलं लाजेल. तिने पदर खोचला, चहाचा कप बाजूला सारला आणि जात्यावरच्या चार ओव्या म्हटल्या, बसल्या जागी, उजवा हात जात्याच्या खुंट्यावर असल्यासारखा गोल फिरवत. इथल्या जुन्या गाण्यात शेजारी बसलेला माणूस गाणाऱ्याचा हात धरून असाच हलके गोल फिरवत राहतो. आईला ते माहीत नव्हतं. शेजारच्या बाईने तिचा दुसरा हात धरला आणि तीही फिरवू लागली. संपल्यावर आईने मला विचारलं, ‘अगं, हिच्या घरी पण जातं होतं का?’

तुमच्या आईंना एखादा छोटा अभंग येत असेलच. दोन कडवी पुरेत.

वाराचं एक लक्षात ठेवा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे इथली घड्याळं तासभर मागे जातात आणि बहुधा त्याच दिवशी डब्लिन मॅरेथॉन असते, बसचे मार्ग वळवलेले असतात. दुसऱ्या दिवशी सोमवारीही बहुधा सुट्टी, त्यामुळे त्या रविवारी पबात गर्दी जास्त. शनिवारी जमलं तर शनिवारीच जा, सेशन सुरू व्हायच्या अर्धा तास आधी, आणि निघताना रिकामे ग्लास काउंटरवर आणून ठेवा.